मामाजींची उजवी कॅरोटिड

मामाजींच्या मानेवरून माझ्या सासुरवाडीत सध्या दोन पक्ष पडले आहेत.

मामाजी म्हणजे बायकोचे थोरले मामा. वय ७७. वेस्टर्न कोलफील्ड्समधून, म्हणजे आपल्या वेकोलितून निवृत्त. उभी नोकरी सावनेरच्या भूमिगत खाणीतलं पाणी वर फेकणाऱ्या पंपांवर गेली. मध्यंतरी त्यांनी कुठल्याशा सेंटरचं 'फुल बॉडी' पॅकेज घेतलं. रक्त, लघवी, ईसीजी, आणि सोबत सवलतीत मानेची डॉपलर. रिपोर्ट आला : उजव्या अंतर्गत कॅरोटिड धमनीत ७० टक्के किंवा त्याहून अधिक अडथळा. दुसऱ्या दिवशी सेंटरमधून फोन, "काकाजी, मानेत टाइम बॉम्ब घेऊन फिरून राहिले तुम्ही."

तेव्हापासून मामाजींचा एकच हेका : आठवडाभरात स्टेंट टाकून मोकळं व्हायचं. दुसऱ्या पक्षात माझी बायको. ती मेंदूविकाराची डॉक्टर, नागपूरच्या मेडिकलला शिकलेली, आणि तिचं म्हणणं, सध्या कोणी हात लावू नये. रविवारी बजाजनगरला त्यांच्या घरी जेवणानंतर जे झालं ते इथे देतो आहे. जावयाला ताटात आग्रह असतो, चर्चेत नसतो. त्यामुळे मला ऐकायला भरपूर वेळ मिळाला. आकडे तेवढे नंतर बायकोकडून तपासून घेतले.

मामाजी : बेटा, सत्तर टक्के पाइप चोक आहे. आमच्या डिलिव्हरी लाइनीत एवढा गाळ बसला असता आणि मी म्हटलं असतं, राहू द्या, काही होत नाई, तं मॅनेजरनं त्याच शिफ्टला मले घरी पाठवलं असतं. लाइन खोलायची, गाळ काढायचा, पंप चालू. यात एवढा विचार कायचा?

भाची : तुमची लाइन एकच होती, मामाजी. मेंदूला चार आहेत. मानेत पुढून दोन कॅरोटिड, मागून मणक्यांच्या भोकांतून दोन. कवटीच्या तळाशी चौघींचं मिळून एक कडं तयार होतं. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६६४ मध्ये ते नीट लिहून ठेवलं. त्याच पुस्तकात त्यानं फाडून पाहिलेल्या एका प्रेताची हकिगत आहे. उजवी कॅरोटिड पार बंद, कडक झालेली. पण हयातीत त्या माणसाला लकवा नाही, काही नाही. मागची एक धमनी फुगून तिनं काम उचललं होतं.

मामाजी : म्हणजे सत्तर टक्के बंद असून वर पाणी पोचून राहिलं?

भाची : बहुतेकांना पुरेसं पोचतं. धोका आहे तो गाळ सुटण्याचा. जबड्याच्या कोपऱ्याखाली कॅरोटिडला दोन फाटे फुटतात. तिथे प्रवाह भोवरे धरतो आणि भिंतीत चरबीचा, चुन्याचा थर साठत जातो. त्याला आम्ही प्लाक म्हणतो. त्याचा पापुद्रा फाटला की वर गुठळी धरते, गुठळीचा कण सुटतो आणि मेंदूत जाऊन एखादी बारीक धमनी बुजवतो. उजवीतून गेला तर डावा हात-पाय. डावीतून गेला तर उजवं अंग, आणि बहुधा बोलणंही जातं.

मामाजी : मग तं गाळ आणखीच लवकर काढला पायजे!

भाची : काढताना तोच गाळ हलतो. स्टेंट टाका नाहीतर चिरा, दोन्हीकडे काही जणांना टेबलावरच झटका येतो. ज्याला वाचवायला गेलो त्यालाच.

मामाजींनी सुपारी कातरायला घेतली. आता ते मुद्दा बदलणार, हे सगळ्या घराला माहीत असतं.

मामाजी : बरं, हे सांग. आमचे वर्ध्याचे साडू. त्यांची डावी शंभर टक्के बंद निघाली, आणि त्यांचे डॉक्टर म्हणतात, काही करायचं नाई, गोळ्या घ्या. माझ्या सत्तरले स्टेंट सांगतात आणि त्यांच्या शंभरले गोळ्या. हे कोणतं गणित?

भाची : त्यांच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. नळी पूर्ण बंद झाली की कण वर न्यायला तिच्यातून प्रवाहच उरत नाही. कवटीबाहेरची धमनी आतल्या धमनीला जोडून बायपास करायचा उपाय होता, दिसायला अगदी तर्कशुद्ध. १,३७७ रुग्णांवर तो तपासला, १९८५ मध्ये निकाल आला : फायदा नाही. ज्यांचा मेंदू खरोखर रक्ताला महाग झालाय असे निवडून पुन्हा करून पाहिलं, २०११ मध्ये पुन्हा तेच उत्तर. पाइपाच्या हिशेबानं हे बसत नाही, म्हणूनच तो हिशेब सोडा म्हणते.

इथे मामाजी पहिल्यांदा गप्प झाले. चोक वाढला की काम वाढतं, यावर ज्याची चाळीस वर्षं गेली, त्याला पूर्ण चोकला हात लावू नका हे पचायला जड जाणारच. त्यांनी फाइल मागवली.

भाची : हे पाहा, पीएसव्ही २४८. रक्त दर सेकंदाला २४८ सेंटीमीटर वेगानं अरुंद जागेतून निसटतंय. २३० च्या वर गेलं की ७० टक्के किंवा जास्त अडथळा धरायचा असा संकेत आहे. म्हणजे तुमचे सत्तर टक्के कोणी पट्टीनं मोजलेले नाहीत, वेगावरून काढलेले आहेत. खात्री करायला सीटी अँजिओग्राफी लागते. आणि पट्ट्याही दोन आहेत. युरोपची जुनी पद्धत जिथे ७५ म्हणते तिथे अमेरिकेची पद्धत ५० च्या आसपास म्हणते. धमनी तीच.

मामाजी : टाइम बॉम्ब म्हणणाऱ्यानं हे नाई सांगितलं.

भाची : त्यानं पॅकेज विकलं. ज्यांना काही त्रास नाही अशा सर्वसाधारण माणसांची मान तपासत बसू नये, असं अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीनं २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं.

मामाजी : पण आता तं सापडलं ना! आता त्याचं काय करू?

प्रश्न रास्त होता. तपासायला नको होतं, हे तपासून झालेल्याला सांगण्यात काही अर्थ नसतो. बायकोही जरा सावरून बसली.

भाची : ठीक. तुमच्यासारख्या, अडथळा आहे पण तक्रार नाही, अशा ३,१२० माणसांचा अभ्यास झाला, २००४ मध्ये छापून आला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांना थांबवलं. पाच वर्षांत थांबलेल्यांपैकी शंभरात सुमारे बारा जणांना झटका आला. ऑपरेशनवाल्यांत, ऑपरेशनचे झटके धरून, सहा. फायदा आहे. पण उलटीकडून बघा : न चिरताही शंभरातल्या अठ्ठ्याऐंशींना काही झालं नाही. आणि ते आकडे जुन्या औषधांच्या काळातले. आता स्टॅटिन जोरात देतो, बीपी घट्ट ठेवतो, तेव्हा बारा हा आकडाही पुष्कळ खाली आलाय.

मामाजी : मी पण पेपर वाचतो. मागे नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी होती. बिनतक्रारीच्या लोकांत स्टेंट जिंकला म्हणून.

बायको हसली. ही बातमी मामाजींच्या हाती लागू नये असं तिला मनापासून वाटत होतं, हे मला माहीत आहे.

भाची : लागली का हाती? खरी आहे. क्रेस्ट-२ नावाचा अभ्यास. चार वर्षांचा हिशेब : उत्तम औषधोपचारावर शंभरात सहा, औषधं अधिक स्टेंट यांत तीनपेक्षा थोडे कमी. ऑपरेशनच्या गटातही आकडा कमी दिसला, पण ठामपणे फरक म्हणावा इतका नाही. आता त्यातली मेख ऐका. तिथे स्टेंट टाकणारे हात आधी पारखून घेतले होते. आणि औषधांचा जो काटेकोरपणा होता, तो तुम्ही पाळून राहिले का? एलडीएल १३२ आहे तुमचं. ७० च्या खाली पाहिजे. बीपीची गोळी 'डोकं दुखलं की' घेता. आणि हा खर्रा.

मामाजी : खर्ऱ्यावर नको जाऊस. खाणीत बिडी-काडी नेता येत नाही, गेटवर अंग झडती होते. गॅस असतो खाली. आठ तास माणूस काय करेल? तंबाखू चघळते. सगळ्या अंडरग्राउंडवाल्यांची हीच कथा आहे.

भाची : मान्य. पण खाण सुटून सतरा वर्षं झाली, मामाजी.

मामींनी आतून "सांग, सांग" म्हटलं. विदर्भात सुपारी-तंबाखू-चुन्याचं हे मिश्रण प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देणारे ठेले गल्लोगल्ली आहेत. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली आणि खर्ऱ्याला आयतंच मोकळं रान मिळालं, असं माझं मत. हे तिथे बोलायची मात्र सोय नव्हती.

भाची : तुम्हाला स्टेंटमध्ये उपचार दिसतो, गोळीत दिसत नाही. गडचिरोलीचं सांगते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. डॉ. योगेश कालकोंडे, मेंदूविकाराचेच, त्या कामात होते. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्यानं. सातात एक. त्या गावांत मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण लकवा निघालं, आणि बहुतेक माणसं घरीच गेली. तिथे मानेची डॉपलर कोणी केली नव्हती, करायची गरजही नव्हती. तिथे हवं होतं बीपीचं यंत्र आणि रोज घेतलेली स्वस्तातली गोळी. आपल्या भागातल्या लकव्याचा मोठा वाटा कॅरोटिडचा नाहीच. बीपीनं फुटलेल्या शिरा आहेत, कवटीच्या आत अरुंद झालेल्या धमन्या आहेत, ज्या मानेच्या डॉपलरमध्ये दिसतसुद्धा नाहीत. तिथे आतमध्ये स्टेंट टाकायचा मोह अमेरिकेत झाला होता. २०११ मध्ये अभ्यास मध्येच थांबवावा लागला. पहिल्या तीस दिवसांत स्टेंटवाल्यांत शंभरामागे जवळपास पंधरांना झटका किंवा मृत्यू, नुसत्या औषधांवर सहा.

मामाजी : म्हणजे खर्रा बंद, गोळ्या चालू, आणि बॉम्ब मानेतच.

भाची : सहा महिन्यांनी पुन्हा डॉपलर. अडथळा झपाट्यानं वाढला तर बोलू. आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तासभर झोपून बघू म्हणायचं नाही, मालिशवाला नाही, कबुतराचं रक्त नाही. १०८ लावायचा आणि सीटीची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं.

मामाजी : आणि विसरायला होते त्याचं? परवा शेजाऱ्याचं नाव आठवेना. ते या ब्लॉकेजमुळेच असेल. साफ केलं की डोकं पण साफ चालेल, असं तो सेंटरवाला म्हणत होता.

भाची : असं खात्रीनं कोणी म्हणू नये. अडथळा असलेल्यांच्या मेंदूत कधी कधी न कळता होऊन गेलेले बारीक झटके सापडतात, आणि त्यांनी विचार मंदावतो हे खरं. पण धमनी मोकळी केली म्हणून स्मरणशक्ती परतते, असं पक्कं दाखवता आलेलं नाही. नावं तर मीही विसरते.

मामाजी : हो, आता वयच झालं म्हणा. गुडघे बोलतात, नावं सापडत नाई, डोळ्याचं पण तसंच. मंगळवारी अजनी स्टेशनपाशी उभा होतो, तं उजव्या डोळ्यापुढं वरून शटर ओढल्यासारखं झालं. अर्ध्यावर काळं. पाच-सात मिनिटांत उघडलं. मोतीबिंदू पिकून राहिला, दुसरं काय.

बायकोनं हातातली फाइल खाली ठेवली.

भाची : उजव्या? नीट आठवा. एक डोळा मिटून पाहिलं होतं का?

मामाजी : हो. डावा चांगला होता. उजव्यातच. दिवाळीच्या आधी पण एकदा झालं होतं.

भाची : हे सेंटरवाल्यांना सांगितलं?

मामाजी : त्यांनी विचारलंच नाई. फॉर्मवर नाव, वय, मोबाइल आणि बीपी-शुगर आहे का, एवढंच होतं.

भाची : मीही पंधरा मिनिटं बोलले आणि विचारलं नाही. मामाजी, हा मोतीबिंदू नाही. मोतीबिंदू पाच मिनिटांसाठी येत नाही. डोळ्याला रक्त देणारी धमनी याच उजव्या कॅरोटिडची पहिली मोठी फांदी आहे. हात-पायाचा झटका उलट्या बाजूला येतो, डोळ्याचा त्याच बाजूला. मंगळवारी कण सुटला, डोळ्यात अडकला आणि नशिबानं विरघळला. तुम्ही 'तक्रार नसलेले' नाही. आजच एमआरआय करायचा, ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल सुरू करायचं, आणि उद्या सर्जन.

इथून पुढे दोघांनी बाजू बदलल्या, आणि गंमत म्हणजे दोघांनाही ते लगेच लक्षात आलं नाही.

मामाजी : थांब, थांब. एवढी घाई काहून? आत्ताच म्हणाली ना, शंभरातल्या अठ्ठ्याऐंशींना काही होत नाई? टेबलावर झटका येतो म्हणाली. मे महिन्यात नातीचं लग्न आहे. ते उरकू दे, मग पाहू. तवर गोळ्या घेतो. खर्रा पण सोडतो, घे.

भाची : ते अठ्ठ्याऐंशी ज्यांच्या मेंदूनं किंवा डोळ्यानं कधी तक्रार केली नाही त्यांचे. तुमचं कोष्टक आता वेगळं. अशी खूण मिळालेल्या आणि ७० टक्क्यांवर अडथळा असलेल्या रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये अमेरिका-कॅनडात झाला. नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा झटका शंभरात सव्वीस जणांना. ऑपरेशन केलेल्यांत नऊ.

मामाजी : पण मले हात-पायाचं काही झालं नाई. डोळाच ना? तोही उघडला.

भाची : हा मुद्दा खरा आहे. नुसत्या डोळ्याच्या झटक्यानंतर पुढचा धोका हाता-पायाच्या झटक्यापेक्षा साधारण निम्मा असतो. पन्नाशीतली, दुसरा काही त्रास नसलेली बाई असती तर मीही थांबा म्हटलं असतं. पण वय पंचाहत्तरच्या पुढे आणि पुरुष, या दोन्ही गोष्टी धोका वाढवतात, आणि त्या गोळीनं बदलत नाहीत. शिवाय दोनदा झालं. आणि लग्नानंतर म्हणता, तर वेळेचा हिशेब ऐका. झटक्याच्या खुणेनंतर दोन आठवड्यांत ऑपरेशन केलं तर पाच जणांचं करून एकाचा झटका टळतो. बारा आठवडे उलटल्यावर केलं तर एक झटका टाळायला १२५ माणसं चिरावी लागतात. प्लाक चिघळलेला असतो तो पहिल्या काही दिवसांत. नंतर ज्याला झटका यायचा त्याला येऊन गेलेला असतो.

मामाजी बराच वेळ बोलले नाहीत. १२५ हा आकडा त्यांनी पेपरच्या कडेला लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

मामाजी : ठीक. मग स्टेंट. मांडीतून किंवा मनगटातून तार घालतात, टाके नाई, काही नाई. दोन दिवसांत घरी.

भाची : तुम्हाला मी स्टेंट सुचवणार नाही.

मामाजी : आता हे काय नवीन!

भाची : सत्तरीपुढे, खूण मिळालेल्या माणसात, स्टेंट टाकताना झटक्याचं प्रमाण ऑपरेशनच्या जवळपास दुप्पट निघालंय. वयानं महाधमनीची कमान वाकडी आणि खरखरीत होते. तार तिच्यातूनच न्यावी लागते, आणि तार घासली की तिथलाही गाळ सुटतो. तुमच्या वयात मानेला चिरा बरा. कानाच्या खालून, स्नायूच्या कडेनं, बोटभर लांब. धमनीला वर-खाली चिमटे, मधला भाग उघडायचा, आतला थर सोलून काढायचा, वर ठिगळ लावून शिवायचं. लंडनला १९५४ मध्ये एका बाईच्या कॅरोटिडवर गाजलेलं ऑपरेशन झालं, त्यात मात्र थर सोलला नव्हता, अडलेला तुकडाच कापून टोकं जोडली होती. तिला तेहतीस वेळा असे झटके येऊन गेले होते. तेव्हा मेंदू वाचवायला तिला बर्फानं गार केलं होतं.

मामाजी : मले बर्फात ठेवतील?

भाची : नाही हो. काही ठिकाणी पूर्ण भूल देतात, काही ठिकाणी मान तेवढी बधिर करून रुग्णाला जागं ठेवतात. धमनीला चिमटा लावला की मेंदूची ती बाजू बाकीच्या तीन धमन्यांवर असते. पुरतंय का, हे कळायला उलट्या हातात लहान पोरांचं चूं-चूं वाजणारं रबरी खेळणं देतात. सर्जन म्हणतो दाबा, तुम्ही दाबायचं. वाजलं की काम पुढे. वाजायचं थांबलं की लगेच एक तात्पुरती नळी घालून रक्त वर चालू करतात. दोन्ही भुलींची तुलना झाली आहे, साडेतीन हजार रुग्णांवर. मोठा फरक निघाला नाही.

मामाजी : बायपास लाइन. हे मले समजलं. आणि बिघडलं तर काय बिघडते?

भाची : झटका, तो सांगितलाच. हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. आवाजाची किंवा जिभेची नस ताणली जाऊन काही आठवडे आवाज बसतो, जीभ एका बाजूला जाते. आणि नंतरचे काही दिवस बीपी चढू द्यायचं नाही, नाहीतर उपाशी राहिलेल्या मेंदूवर एकदम रक्ताचा लोंढा येतो. म्हणून 'डोकं दुखलं की गोळी' हे आजपासून बंद.

मामाजी : कुठे करायचं? रामदासपेठेत, धंतोलीत पाट्या तं पुष्कळ आहेत. एम्सले जाऊ का मिहानमध्ये? की मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत?

भाची : पाटी बघून ठरवू नका. सर्जनला समोर बसून विचारायचं : वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि मागच्या तुमच्या रुग्णांत महिनाभरात झटका किंवा मृत्यू शंभरात किती? तुमच्यासारख्यांत तो आकडा सहाच्या वर असेल तर ऑपरेशनचा सगळा नफा तिथेच संपला. मोघम 'रिझल्ट चांगले आहेत' असं उत्तर आलं, तर उठायचं.

मामाजी : अवं, असं डॉक्टरले तोंडावर विचारता येते का? राग येईल त्याले.

भाची : पंप घेताना कंपनीवाल्याला हेड किती, डिस्चार्ज किती, हे तोंडावरच विचारत होते ना?

मामाजी : ते टेंडर होतं. कागदावर लिहून घेत होतो.

भाची : मग हेही लिहून न्या. आणि राग आलाच त्याला, तर दुसऱ्याकडे जाऊ.

मामाजींनी पेन माझ्याकडे सरकवला. "जावईबुवा, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा. पहिला प्रश्न, वर्षाला किती करता. दुसरा, त्यातले बिघडले किती. तिसरा मी सांगतो : बिघडलं त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर होते का?"

तिसरा प्रश्न बायकोच्या यादीत नव्हता. तो तिनं स्वतःच्या मोबाइलमध्येही टिपून घेतला आणि एमआरआयची वेळ घ्यायला फोन लावला.